चळवळीला हिशोबनीसही हवेत : कला शाखेत राहून संस्था चालवायला शिकता येईल का?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी आमच्याकडे तोच तंटा येतो. मुलगा म्हणतो, मला इतिहास, समाजशास्त्र वाचायचे आहे. वडील म्हणतात, बी.ए. करून काय दिवे लावणार, बीबीए कर, निदान नोकरी तरी लागेल. आई दोघांच्या मधे उभी. मग आमच्यातल्या कुणाला तरी फोन येतो : ‘जय भीम सर, तुम्हीच समजावून सांगा त्याला.’ समजवायचे कुणाला, मुलाला की वडिलांना, हे फोन करणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आमचे मत असे झाले आहे की दोघेही अर्धे बरोबर आहेत. समाज कसा चालतो हे वाचलेच पाहिजे. पण संस्था कशी चालते, पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि कागदावर कसा दिसतो, हेही शिकले पाहिजे. आणि या दोन गोष्टी एकाच पदवीत शिकता येतात. जगात त्याला लिबरल आर्ट्स कॉलेजातले बिझनेस आणि नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट म्हणतात. आपल्याकडे हा शब्द मोठ्या फीच्या जाहिरातींतून आला, म्हणून तो श्रीमंतांचा वाटतो. तो तसा राहू द्यायचा की नाही, हा आजचा मुद्दा आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. गाव, विहार, कंपनी कुणाचेच नाव घेत नाही, कारण ही गोष्ट वाचून निदान दहा गावांना ती आपलीच वाटेल.

एका तालुक्याच्या ठिकाणी विहाराचा ट्रस्ट आहे. जागा स्वतःची, बांधकाम वर्गणीतून झालेले, वर पत्र्याची एक खोली आणि त्यात अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची चाळीस-पन्नास मुले-मुली तिथे बसतात. जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एक कंपनी सीएसआरमधून अभ्यासिका बांधून द्यायला तयार झाली. कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला, मुलांशी बोलला, खूश झाला. मग त्याने कागद मागितले. तीन वर्षांचे ऑडिट, प्राप्तिकराचे १२ए आणि ८०जी, सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक, आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा पीटीआर उतारा. उताऱ्यावर सात विश्वस्तांची नावे होती. त्यातले चार जण वारलेले. जे आज ‘अध्यक्ष’ आणि ‘सचिव’ म्हणून पत्रिकेवर छापले जातात, त्यांची नावे उताऱ्यावर कुठेच नव्हती. ऑडिट शेवटचे कधी झाले ते कुणालाच आठवेना. कंपनीच्या माणसाने दोन महिने वाट पाहिली. मार्च जवळ आला. पैसे दुसऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या संस्थेला गेले.

यात कुणी एक पैसाही खाल्लेला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. पावती पुस्तके जपून ठेवली होती, कपाटात, लाल फडक्यात बांधून. माणसे प्रामाणिक होती. काम येत नव्हते, एवढेच. पण सरकारच्या आणि देणगीदाराच्या नजरेत तो ट्रस्ट जवळजवळ मेलेला होता.

विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. तो दिला नाही तर नवी समिती कागदावर जन्मालाच येत नाही. उद्या कुणी विहाराच्या जागेवर दावा सांगितला, तर कोर्टात उभे राहायचे कुणी, इथपासून भांडण. आणि समाजात दोन गट पडले की दोन्ही गट एकेक चेंज रिपोर्ट घेऊन जातात, आणि मग वर्षानुवर्षे तारखा. आपल्यापैकी किती विहारांचे, किती वसतिगृहांचे असे झाले आहे, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

नियमही आता पूर्वीसारखे सैल राहिलेले नाहीत. २०२१ पासून प्राप्तिकराची ती नोंदणी कायमची राहिली नाही. साधारण पाच वर्षांनी नूतनीकरण आले. २०२५ च्या अर्थसंकल्पात लहान संस्थांसाठी मुदत दहा वर्षांची केली, हा दिलासा. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तरी बोलण्यात १२ए आणि ८०जी हेच शब्द राहिले आहेत. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ची नोंदणी नसेल तर कंपनीला त्या संस्थेमार्फत सीएसआरचे पैसे खर्चच करता येत नाहीत. परदेशी देणगीचे तर विचारूच नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचे खाते दिल्लीच्या स्टेट बँक शाखेतच उघडावे लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले. मुंबई-पुण्यातली मोठी संस्था पैसे घेऊन गावातल्या छोट्या संस्थेला वाटायची, तो रस्ता बुजला. त्यामुळे छोट्या संस्थेला स्वतःच्या पायावर उभे राहण्यावाचून गत्यंतर नाही. यातले काही नियम जाचक आहेत, काही मुद्दाम जाचक आहेत असेही आम्हाला वाटते. पण नियमाविरुद्ध बोलायचे तरी आधी आपले दप्तर पुरे असावे लागते. ज्याचे ऑडिट झालेले नाही त्याच्या निषेध पत्रकाला कुणी विचारत नाही.

बाबासाहेबांकडे या अंगाने आपण फारसे पाहत नाही. घटनाकार, धम्मप्रवर्तक, कायदेपंडित ही रूपे भिंतीवर आहेत. कोलंबियात त्यांनी कोणते विषय घेतले होते ते पाहा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. ज्याला आज लिबरल आर्ट्सचा विस्तार म्हणतात तो हाच. आणि या सगळ्याच्या बळावर त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि अर्थव्यवहारावर लिहिले, म्हणजे एका संस्थेच्या हिशोबावरच. भारतात परतल्यावर १९१८ ते १९२० ते प्राध्यापक झाले ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात. ते वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे कॉलेज. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली, तेव्हा अध्यक्षपदावर सर चिमणलाल सेटलवाड होते आणि बाबासाहेब होते व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष. मानाची खुर्ची दुसऱ्याला दिली, कामाची स्वतःकडे ठेवली.

त्यांनी अपयशही पाहिले. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाले, शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. बाबासाहेब शिक्षण पुरे करायला लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. विचार कमी पडला नव्हता. मागे थांबून ते चालवणारी यंत्रणा नव्हती. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढताना हा अनुभव त्यांच्या गाठीला होता असे आम्ही मानतो. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज कला आणि विज्ञानासाठी, १९५० ला औरंगाबादला मिलिंद, आणि १९५३ ला सिद्धार्थचे वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे वेगळे कॉलेज. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १९५६ ला, विधी महाविद्यालय आणि राजकारणात उतरणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा. कला, विज्ञान, वाणिज्य, कायदा, राजकारण हा क्रम नुसता योगायोग वाटत नाही. आपण मात्र त्यातली वकिलीची वाट चांगली चाललो, नोकरशाहीची चाललो, साहित्याची तर फारच चाललो. वाणिज्याची वाट गवताने भरली.

ही वाट आपल्या परंपरेत नवी आहे असेही नाही. विनयपिटक उघडून पाहा. संघात भांडार सांभाळणारा भांडागारिक आहे, जेवणाचे वाटप ठरवणारा भत्तुद्देसक आहे, बांधकामावर देखरेख करणारा नवकम्मिक आहे. हे पद कुणालाही मिळत नाही. जो छंद, द्वेष, मोह आणि भय या चार कारणांनी वाकडा जात नाही, आणि काय ठेवले, काय ठेवले नाही हे ज्याला नेमके कळते, अशाच भिक्खूची निवड करायची. आधी त्याची संमती घ्यायची, मग संघासमोर ठराव मांडायचा. ट्रस्टीची पात्रता याहून चांगली लिहिलेली आम्ही कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकात वाचलेली नाही. आपल्या जयंती समितीच्या निवडीत या चारांपैकी किती गोष्टी आडव्या येतात, ते ज्याचे त्याने मनात मोजावे. (छंद म्हणजे इथे ‘आपला माणूस’.) गृहस्थासाठीही सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, चौथा अडीअडचणीसाठी राखून. आपल्या किती संस्थांकडे तो चौथा भाग आहे?

याचे उत्तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत कोरलेले आहे. सहलीला आपण तिथे जातो, वंदना घेतो, फोटो काढतो. दहा क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचा शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने लेणे दान केले आणि सोबत ३००० कार्षापणांची अक्षयनिधी दिली. अक्षयनिधी म्हणजे मुद्दल कधी मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पैसे गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

आता हिशोब करून पाहा. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, २४०. एक कवडी इकडची तिकडे नाही. दुसऱ्या हजाराचे व्याज इतर किरकोळ गरजांसाठी, तेही लिहून ठेवलेले. आणि हे सगळे निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवले, असे लेखातच म्हटले आहे. राखीव मुद्दल, ठरलेल्या कामासाठीच वापरायचा निधी, दोन ठिकाणी विभागलेली जोखीम, जाहीर वाचन, नोंदणी. आज नॉनप्रॉफिट मॅनेजमेंटच्या दोन-तीन सत्रांत जे शिकवतात ते नाशिकच्या खडकावर आहे. विणकरांच्या श्रेणीवर विश्वास ठेवून संघाचा पैसा सोपवला जात होता, यावरून कारागीर जातींबद्दल, त्या काळाच्या व्यापाराबद्दल काय समजते, ते इतिहासाचा विद्यार्थी सांगेल. २४० चा मेळ लागतो हे हिशोबाचा विद्यार्थी सांगेल. आम्हाला दोन्ही एकाच डोक्यात हवे आहेत.

‘लिबरल आर्ट्स’ हा शब्द मुळात रोमन आहे : मुक्त नागरिकाला, म्हणजे जो गुलाम नाही त्याला शोभणारे शिक्षण. म्हणजे नावातच मनुस्मृतीची छटा. म्हणूनच अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजची गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. १८५५ साली गुलामगिरीविरोधी जॉन फी यांनी ते सुरू केले. यादवी युद्धानंतर काळे आणि गोरे तिथे एका वर्गात बसले. १९०४ साली राज्याने कायदा करून एकत्र शिकवण्यावर बंदी आणली. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ ला हरले. मग काळ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी संस्था उभारायला त्यांनी पैसे जमवले. १९५० ला कायदा बदलला तेव्हा दारे पुन्हा उघडली. याच कॉलेजात बेल हुक्स यांनी २००४ पासून काम केले. वंश, वर्ग आणि स्त्रीप्रश्नावर लिहिणाऱ्या त्या विचारवंत बौद्ध विचाराकडेही ओढल्या गेल्या होत्या.

पण आम्हाला आज सांगायचे आहे ते बेरियाच्या तिजोरीबद्दल. १८९२ पासून हे कॉलेज शिक्षण शुल्क घेत नाही. आर्थिक कुवत कमी असलेल्याच मुलांना प्रवेश देते, आणि प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास कॉलेजचेच काम करतो : स्वयंपाकघर, शेत, ग्रंथालय, कार्यालय. फुकट शिक्षण परवडते कसे? १९२० साली विश्वस्तांनी ठरवले की मृत्युपत्राने येणारी, विशिष्ट कामाला न बांधलेली देणगी खर्च करायची नाही, मुद्दलात टाकायची. शंभर वर्षे तो नियम पाळला. आज ते मुद्दल १०० कोटी डॉलरच्या वर आहे आणि त्याच्या उत्पन्नावर दीडेक हजार मुले शिकतात. म्हणजे उषवदाताचीच अक्षयनिधी. तिथे व्यवसाय प्रशासनाचा मुख्य विषय घेता येतो, आणि लोकहितासाठी उद्योजकता असा एक वेगळा कार्यक्रमही आहे, ॲपलाचियाच्या गरीब डोंगरी वस्त्यांकडे डोळा ठेवून. शिकणारा मुलगा ज्या कार्यालयात दहा तास काम करतो तिथे त्याला संस्था आतून दिसते. वर्गात बजेट शिकायचे आणि दुपारी त्याच बजेटात बसवलेल्या भाज्या चिरायच्या, असे ते शिक्षण.

आपल्याकडे दरवर्षी वर्गणी जमते आणि दरवर्षी संपते. १४ एप्रिलला मंडप, १४ ऑक्टोबरला बस, ६ डिसेंबरला अन्नदान. समाज देत नाही असे कुणी म्हणू नये, समाज पोटाला चिमटा घेऊन देतो. पण त्यातला दहावा हिस्सा जरी मुद्दलात टाकला असता तर आज किती वसतिगृहे व्याजावर चालली असती, हा हिशोब आम्ही एकदा कागदावर मांडायला बसलो आणि अर्ध्यात सोडून दिला. फार त्रास होतो.

आता आक्षेप. आमच्याच काही ज्येष्ठ मित्रांना हे लिखाण आवडणार नाही, हे ठाऊक आहे. ते म्हणतील, चळवळीला एनजीओ करून टाकू नका. पॅंथरकडे १९७२ ला कुठला नोंदणी क्रमांक होता? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. देणगीदाराच्या तालावर विषय बदलणाऱ्या, अत्याचाराच्या प्रकरणात तोंडाला कुलूप लावणाऱ्या संस्था आम्हीही पाहिल्या आहेत. मॅनेजमेंटच्या भाषेत माणसाचा ‘लाभार्थी’ होतो आणि जातीचा ‘सामाजिक पार्श्वभूमी’ असा सौम्य उल्लेख होतो. मॅनेजमेंटचे शिक्षण देणाऱ्या मोठ्या संस्थांत आपली माणसे किती आहेत, हेही उघडच आहे. आयआयएम अहमदाबादने पीएच.डी. प्रवेशाला आरक्षण लागू केले ते २०२५ च्या प्रवेशापासून. म्हणूनच तर आम्ही नुसते बीबीए म्हणत नाही. ज्याने ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ वाचलेले नाही त्याच्या हातात ताळेबंद देणे धोक्याचे, आणि ज्याला ताळेबंद वाचता येत नाही त्याच्या हातात विहाराची जमीन देणेही धोक्याचे. रस्त्यावरची चळवळ आणि नोंदणीकृत संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीला दुसरीची जागा घेऊ देऊ नये. पण मोर्चा संपल्यावर मुलांना झोपायला वसतिगृह लागते, आणि वसतिगृहाचे लाइटबिल घोषणेने भरले जात नाही. ज्या मित्राने हा आक्षेप सर्वांत जोरात घेतला, त्याच्याच संस्थेचे खाते गेल्या वर्षी केवायसीअभावी गोठले होते. त्याची माफी मागून हे लिहितो आहोत.

मग शिकायचे कुठे? इथे आम्ही जरा सावध बोलणार. लिबरल आर्ट्स म्हटले की पुण्याचे फ्लेम, सिम्बायोसिसचे लिबरल आर्ट्स, सोनिपतचे अशोका, बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ ही नावे येतात. शिक्षण चांगले आहे, फी बहुतेक ठिकाणी आपल्या घराला झेपणारी नाही. गरजेनुसार सवलत देणाऱ्या जागा आहेत, अझीम प्रेमजी आणि अशोका त्यात आहेत, तिथे अर्ज करावाच, लाजू नये. पण सवलतीचे पत्र हातात येण्याआधी शैक्षणिक कर्जावर सही करू नये. घटनेच्या कलम १५(५) ने खासगी संस्थांतही आरक्षणाचा कायदा करता येतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ला ते कलम वैध ठरवले, तरी संसदेने खासगी विद्यापीठांसाठी तसा कायदा केलेला नाही. तोवर आपल्या मुलांचा तिथला प्रवेश संस्थेच्या मर्जीवर आहे. ही लढाई आंबेडकरी विद्यार्थी संघटनांनी हातात घ्यावी असे आम्हाला वाटते.

परदेशाचे स्वप्न पदवीच्या पातळीवर फार जपून पाहावे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत, बारावीनंतरच्या पदवीसाठी नाहीत. बेरियासारखी कॉलेजे परदेशी मुलांना जागा देतात, पण मोजक्या, आणि अर्ज करणारे सगळ्या जगातून. अमेरिकेने २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे थांबवले होते, पुढे एच-वन-बीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली. शिकून तिथे नोकरी करू आणि कर्ज फेडू, हे गणित आता धरवत नाही.

आमचा भर आहे तो जवळच्या कॉलेजवर, आणि इथे बातमी बरी आहे. नवीन शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची रचना राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. या धोरणावर आमचे अनेक आक्षेप आहेत. एका वर्षात प्रमाणपत्र, दोन वर्षांत पदविका असे दरवाजे ठेवल्याने गरिबांची मुले मधेच बाहेर पडतील, ही भीती खोटी नाही. पण त्यातच एक खिडकी आहे. मुख्य विषय एका शाखेचा घेऊन मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचे घेता येतात. इतिहासाचा किंवा पालीचा विद्यार्थी लेखाकर्म, वित्त, व्यवस्थापन शिकू शकतो. कॉलेज सांगेल शिक्षक नाहीत, वेळापत्रकात बसत नाही. तिथे अडून बसा, चार जण मिळून प्राचार्यांना पत्र द्या. नुसत्या बीबीएची दुसरी बाजूही पाहा : २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए एआयसीटीईच्या कक्षेत आले, राज्यात त्यांची वेगळी सीईटी सुरू झाली, कितीतरी कॉलेजांनी नाव बदलून ती टाळली आणि सीईटीच्या पुष्कळ जागा रिकाम्या राहिल्या. नाव बदललेल्या अभ्यासक्रमाला तुमची शिष्यवृत्ती लागू आहे का, हे प्रवेशाआधी महाडीबीटीवर पाहून घ्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा आहे. दाखला जुना असेल तर आजच तहसीलला जा.

याच रचनेत क्षेत्र प्रकल्प, समाजाशी निगडित काम आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. बहुतेक मुले त्यासाठी कुठल्यातरी दुकानाचे पत्र आणतात आणि फाइल भरतात. ते श्रेयांक आपल्याच विहाराच्या ट्रस्टमध्ये का मिळवू नयेत? तीन वर्षांच्या पावत्या लावायच्या, बँकेच्या पासबुकाशी मेळ घालायचा, मालमत्तेची यादी करायची, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड कुणाच्या नावावर आहे ते पाहायचे. सीए लागेल तो ऑडिटच्या सहीला. त्याच्यापुढे ठेवायचे कागद विद्यार्थी तयार करू शकतो. वस्तीतल्या बचत गटाच्या ताई हे काम वर्षानुवर्षे करत आल्या आहेत, महिन्याच्या महिन्याला, एका रुपयाची चूक न करता. त्यांना ट्रस्टवर का घेत नाहीत, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तो आम्ही लिहिणार आहोत.

सुरुवातीला ज्या विहाराची गोष्ट सांगितली तिथे हेच झाले. अभ्यासिकेत बसणारी एक मुलगी, मुख्य विषय समाजशास्त्र, मायनर वाणिज्यातला. तिने क्षेत्र प्रकल्पासाठी ट्रस्टचे दप्तर मागितले. सचिव काका म्हणाले, ‘पोरी, त्यात काय बघायचंय? आम्ही काय पैसे खाल्लेत का?’ ती म्हणाली, ‘नाही काका, खाल्ले नाहीत हेच कागदावर आणायचंय.’ काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते लाल फडक्यातले गाठोडे स्वतःच घेऊन आले आणि तिच्याजवळ बसून एकेक पावती कुणाची, ती कशासाठी घेतली होती, हे सांगत गेले. तेवीस पावती पुस्तके निघाली. एका पुस्तकाच्या मागच्या पानावर भिंतीच्या विटांचा हिशोब होता आणि वीट देणाऱ्या दोन मातांगांची आणि एका मुस्लिम वीटभट्टीवाल्याची नावे, जी आज गावात कुणालाच माहीत नव्हती.

वारलेल्या चार विश्वस्तांचे मृत्यूचे दाखले गोळा करायला सहा आठवडे गेले, एकाचा तर मुंबई महापालिकेतून आणावा लागला. चेंज रिपोर्ट दाखल झाला आहे. वेळेत का दिला नाही, याबद्दल विलंबमाफीचा अर्जही सोबत दिला आहे. दुसऱ्या गटाने हरकत घेतली आहे, ती घ्यायचा त्यांना हक्क आहे. त्यांच्यातल्या एकाने मुलीकडे येऊन पावत्यांची यादी मागितली. तिने समितीला विचारून झेरॉक्स दिली. पुढची तारीख वर्षावासानंतरची आहे, आणि त्या दिवशी तिची सत्र परीक्षाही आहे. काका म्हणतात, मी जातो, तू फक्त फाइल नीट लावून दे.